एका बोटाचा पंप

माझा थोरला भाऊ पेंटर होता. पेंटर म्हणजे घरं रंगवणारा, चित्रं काढणारा नव्हे. चित्र काढायला सांगितलं असतं तर त्याच्या हत्तीची म्हैस झाली असती. पण दारा-खिडक्यांना ऑइलपेंट मारावा तर त्यानंच. भिंतीचा खालचा गडद रंग आणि वरचा फिका रंग यांच्या मधोमध बोटभर रुंदीची पट्टी ओढतात ना, ती तो दोरी न धरता ओढायचा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एका दमात. आमच्या तामसी गावाच्या आसपासच्या पाच-सात गावांत लग्न ठरलं की मंडपवाल्याच्या आधी दादाला निरोप जायचा.

आम्ही बौद्ध. आमच्या बाबांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात गेलं. पटेलांच्या विहिरीवर तहान लागली की बाबा ओंजळ धरून खाली बसत आणि कुणीतरी वरून पाणी ओतत असे. बाबा हे रागानं सांगत नसत, एखाद्या सालचा दुष्काळ सांगावा तसं सांगत. आणि त्यांचाच मुलगा पेंटर झाला तो त्याच घरांच्या माजघरात जाऊन उभा राहिला. पेंटरला दाराबाहेर थांबवून कसं चालेल? स्वयंपाकघराचं दार रंगवायचं, देवघराची चौकट रंगवायची. दादा शिडी घेऊन आत जायचा आणि आतच त्याला चहा मिळायचा, कपातून, बशीसकट. या गोष्टीचा त्यानं कधी गाजावाजा केला नाही. फक्त कुणी वावरातल्या कामाला बोलावलं की म्हणायचा, "मातीत नाई जात मी आता. मले रंगात मरू दे."

मरण नाही आलं, पण त्याच्या जवळपासचं आलं. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. शाळेची मागची भिंत रंगवताना परांचीचा बांबू सरकला आणि दादा उजव्या खांद्यावर पडला. हाडवैद्यानं झाडपाला बांधला, महिनाभरानं सोडला, तेव्हा हात खाली लोंबत होता. नंतर दवाखान्यात दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, हाड बसलंय पण नस गेलीय. कोपर वर उचलत नव्हतं. मनगटात जोर नव्हता. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं आपल्या मर्जीनं हलत होतं.

दादानं डाव्या हातानं ब्रश धरून पाहिला. स्वतःच्याच घराचं दार रंगवलं. मी सुट्टीला गेलो तेव्हा ते दार पाहिलं, रंगाचे ओघळ उंबऱ्यापर्यंत आले होते आणि कडेची पट्टी साप सरपटल्यासारखी गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं ते सगळं पत्र्यानं खरवडून काढलं. मग रोज सकाळी आंघोळ करून, रंगाचे डाग पडलेला शर्ट घालून ओट्यावर बसायचा. कामावर निघाल्यासारखा. वहिनी लोकांच्या वावरात निंदायला जायची आणि तो तिच्याकडे न बघता म्हणायचा, "उद्या पायतो." ते मला सहन होत नव्हतं.

मी आदिलाबादला बसस्टँडजवळ रेडिओ, टेप, पंखे दुरुस्त करायचं दुकान चालवत होतो. आमच्या घरात अक्कल फक्त मलाच दिलीय अशी माझी समजूत होती. ती समजूत कशी गेली तेच सांगतोय.

दुकानाशेजारी लोखंडी कपाटं बनवणारा एक तेलुगू माणूस होता. त्याच्याकडे कॉम्प्रेसरवर चालणारी रंगाची बंदूक होती. खटका दाबला की रंगाचं धुकं बाहेर येतं, ब्रशचं कामच नाही. एकदा दादा दवाखान्यासाठी आला होता, मी त्याला सहज तिकडे नेलं. मालकानं बंदूक दोरीनं वरून टांगून दिली, दादानं डाव्या हातानं ती धरली आणि उजव्या हाताचं ते एक बोट खटक्यावर ठेवलं. कपाटाचा अख्खा दरवाजा त्यानं रंगवला. एक ओघळ नाही. मालक म्हणाला, "मंचिगुंदी," म्हणजे छान आहे. दादा हसला. पडल्यापासून पहिल्यांदाच हसला होता.

पण त्या दुकानात मालकाचा स्वतःचा माणूस होता, आणि दादाची गिऱ्हाइकं सगळी खेड्यात. कॉम्प्रेसर म्हणजे गाभण म्हैस, तो बसच्या टपावर कोण चढवणार? चढवला तरी लावणार कशाला? गावात करंट यायचा तो पाहुण्यासारखा, चहा घेऊन जायचा. निम्म्या घरांत तर बटणच नव्हतं. म्हणून मी ठरवलं, बिनवायरीचा रंगाचा पंप करायचा. हातात मावेल, सेलवर चालेल, आणि एका बोटानं चालेल. एकच बोट होतं, त्याच्यापासून सुरुवात करायची आणि बाकी सगळं त्याच्यामागे जोडायचं. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जमते काय रे असं?" मी म्हणालो, "न जमाले काय झालं? तू फक्त बोट सांभाळ." बोलायला आपल्या बापाचं काय जातं.

पहिला केला तो टेपरेकॉर्डरच्या मोटरवर. तिला पंख्याची पाती लावली, समोर रंगाची नळी. त्यातून इतका वारा आला की माशी उडाली नसती. दुसरा केला मोटारीच्या वायपरच्या मोटरवर, ती फिरायची अशी आरामात की जणू पंगतीत वाढतेय. तिसऱ्यात रंग बाहेर आला, पण धार आली. धुकं करायला जोर लागतो, आणि जोराला करंट लागतो, आणि करंट नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एक वर्ष असंच गेलं. दर पंधरा दिवसांनी मी गावाला जायचो आणि दादा माझ्या तोंडाकडे न पाहता आधी हातातल्या पिशवीकडे पाहायचा.

मग एका कपाशीच्या हंगामात बसच्या खिडकीतून मला उत्तर दिसलं. एक माणूस वावरात कपाशीवर फवारत चालला होता. पाठीवरचा जड पंप नव्हे, हातातला, लांब दांडीचा, सेलवर चालणारा. दांडीच्या टोकाला तळहाताएवढी दातेरी चकती, तिच्यावर उलटी लावलेली बाटली. बाटलीतून थेंब पडतो, चकती गरगर फिरते आणि थेंबाचं धुकं होतं. वारा नको, कॉम्प्रेसर नको. मी बसमध्ये मांडीवर थाप मारली, शेजारचा म्हातारा दचकला.

भंगारवाल्याकडे तसले मोडके पंप पडलेलेच होते. एक उचलून आणला. थांबा, इथंच सांगून टाकतो. आमच्याकडे कपाशीवर मारतात त्याला कुणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात. डॉक्टर देतो तेही औषध आणि कपाशीवर मारतात तेही औषध. पण कुणी "अमक्यानं औषध घेतलं" म्हटलं की तो बरा आहे का असं आमच्याकडे विचारत नाहीत, तिसरा दिवस कधी आहे ते विचारतात. हे मला काही नवीन नव्हतं. याच मातीत वाढलो मी. पण मोटर, चकती, सेल यांत असा गुंतलो की डोळ्यांवर झापडं बांधल्यासारखं झालं.

चकतीनं रंग फेकला, पण चारी दिशांनी फेकला. माझ्या तोंडावर, छतावर, एका मास्तरांच्या दुरुस्तीला आलेल्या रेडिओवर. मग तुपाचा डबा कापून तिच्याभोवती टोप केला, समोर तेवढी फट ठेवली. टोपात साचलेला रंग खाली एका डबीत जमायचा, तो परत बाटलीत ओतायचा. ऑइलपेंट दाट पडायचा म्हणून रॉकेल घालून पातळ केला. सेल अर्ध्या तासात मान टाकायचे, म्हणून मोटरसायकलची बॅटरी कमरेच्या पट्ट्यात बसवली. तिच्या ॲसिडनं माझे दोन शर्ट खाल्ले. खटक्याला सायकलच्या ब्रेकची तार लावली. दादाच्या बोटाला खटक्याची स्प्रिंग जड जाईल म्हणून बॉलपेनातली स्प्रिंग काढून घातली, आणि त्या एका गोष्टीवर मी फार खूश होतो.

अशा थाटात यंत्र घेऊन गावाला गेलो आणि दादाच्या हातात दिलं तर त्याला ते उचलेचना. वजन मी माझ्या हातानं जोखलं होतं. माझ्या धडधाकट हातानं. त्याचं बोट खटक्यावर बरोबर बसलं होतं आणि अख्खा हात खाली चालला होता. दादा म्हणाला, "बोट तुह्यं ऐकते रे. हात नाई ऐकत." मला माझी इतकी लाज वाटली की मी त्याच बसनं परत आलो, जेवलोसुद्धा नाही.

पुढच्या खेपेला यंत्र गळ्यातल्या पट्ट्यावर टांगलं. वजन मानेवर, दिशा डाव्या हातानं, खटका उजव्या बोटानं. दादानं घराचं ते खरवडलेलं दार रंगवलं. हिरवं. पहिला हात, मग वाळवून दुसरा हात. बाबा ओट्यावर बसून बघत होते. दार झाल्यावर उठले, डोळे बारीक करून जवळून पाहिलं आणि म्हणाले, "ब्रशाची रेघ नाई दिसत." बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. कडेची पट्टी काही यंत्रानं होत नव्हती, ती आम्ही कागद चिकटवून केली. दादाला ते आवडलं नाही. पण वाडग्यात रंग कालवताना तो गुणगुणत होता, आणि वहिनीनं मला डोळ्यांनीच खुणावलं, ऐका.

पहिलं काम आलं ते पटेलांचंच. मुलीचं लग्न होतं. पटेल माणूस बरा, नवी वस्तू दिसली की लहान मुलासारखा मागे यायचा. मी सकाळच्या बसनं उतरलो, दादा मळलेला शर्ट न घालता धुतलेला घालून आला होता. आत गेलो. मागचं दार घासून ठेवलेलंच होतं. दादानं पट्टा गळ्यात घातला, बोट खटक्यावर ठेवलं, आणि मोटर सुरू झाली.

त्या आवाजाचा मी कधी विचारच केला नव्हता. दुकानात तो मोटरचा आवाज होता. पटेलांच्या माजघरात तो वावरातला आवाज झाला, भाद्रपदात सकाळी सकाळी कपाशीतून येतो तो. पटेलीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी आधी पाण्याच्या माठावर ताट झाकलं, मग पिठाचा डबा उचलून आत ठेवला, मग म्हणाल्या, "पेंटर, थांब जरा. हे औषधाचं होय ना?"

दादानं बोट काढलं. "नाई बाई, रंग होय. ऑइलपेंट."

"रंग आतमंदी हाय. बाटली कोन्ती होय?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. बाटली भंगारातलीच होती. पंपाच्या तोंडाला त्याच बाटलीचे आटे बसत होते, दुसरी कुठली बाटली बसेना म्हणून मी तीच ठेवली होती. मी म्हणालो, "बाई, तीन वेळा धुतली. सोड्यानं, राखेनं, अन् पुन्हा सोड्यानं."

त्या चिडल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "माही धाकटी बहीण अशाच बाटलीनं गेली. आमी त्या बाटलीले नंतर धुतलं नाई, पुरलं." मग म्हणाल्या, "तुमी धुतली म्हनता. मंग तिच्यात पानी घेऊन पेऊन दाखवा. पेल्यावर रंगवा घर, मी काई म्हनत नाई."

पाणी समोरच होतं, झाकलेल्या माठात. मी तिथं उभा होतो. बाटली स्वच्छ आहे असं मी दादाला सांगितलं होतं, वहिनीला सांगितलं होतं, त्या बाटलीतून त्याच्या घराचं दार रंगवलं होतं, त्याची पोरं त्या दाराला हात लावत होती. आणि आता प्यायची म्हटल्यावर माझा हात पुढे गेला नाही. दादा माझ्याकडे बघत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरून सगळं उतरत गेलं. मग त्यानं डाव्या हातानं गळ्यातला पट्टा काढला.

चहा मिळाला. कपातूनच, बशीसकट. पण अंगणात.

पुष्कळ दिवस मी मनात त्या बाईंवर चिडायचा प्रयत्न केला. आमची जात काढली असती तर बरं झालं असतं असंही वाटलं, मग मला भांडता आलं असतं. पण जात त्यांच्या ध्यानातही नव्हती. त्यांनी फक्त रास्त प्रश्न विचारला होता.

पंधरा दिवसांत मी नवी काचेची बाटली बसवली, आटे बदलून, लेथवाल्याच्या पाया पडून. काय उपयोग? तोवर यंत्राला नाव पडलं होतं, औषधाचा पंप. आणि आमच्याकडे नाव पडलं की पडलं, माणसाचं काय अन् वस्तूचं काय. दादा नवी बाटली दाखवत दारोदार फिरला. लोक वाईट बोलले नाहीत. म्हणाले, ब्रशानं करत असशील तर ये, लेकरंबाळं आहेत घरात. ज्या घरांत तो आठ-आठ दिवस राबला होता त्या घरांच्या ओसरीवरून परत आला. दोन हंगाम असे गेले. मी पुन्हा एकदा सगळं बदलतो म्हणालो, आवाज कमी करतो, आकार वेगळा करतो. दादा म्हणाला, "राहू दे. तू काई कमी नाई केलं." तो मनापासून बोलला, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मग एके दिवशी पटेल स्वतः आमच्या ओट्यावर आले. तेव्हा योगायोगानं मी तिथंच होतो. म्हणाले, "पेंटर, तुह्या त्या यंत्राले मी त्या दिवशी पायलं. बॅटरीवर दिवसभर चालते म्हनते. माह्या वावरात मारतो काय? बाजारातले पंप सेल लय खातात."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. दादा माझ्या आधी म्हणाला, "मारतो."

"दादा, तू मातीत नाई जात म्हनत होता."

"काऊन नाई जाऊ?" तो म्हणाला. "बोट त हाय ना." मग मला विचारलं, "ते जुनी बाटली ठेवली काय रे? आट्यावाली?"

ठेवली होती. भंगारातली वस्तू टाकवत नाही, ही आम्हा दुरुस्तीवाल्यांची खोड. पुढच्या बसनं मी ती आणून दिली. तुपाच्या डब्याचा टोप काढला, कारण औषध चारी दिशांना गेलेलंच बरं. रॉकेल नको, रंग नको. दोन वर्षांत जे यंत्र दारावर धड चाललं नाही ते कपाशीत पहिल्या दिवसापासून असं चाललं की बाकीच्या गावांतून बोलावणी आली. मी बनवलेल्या सगळ्या वस्तूंत एवढी चांगली चाललेली दुसरी नाही. लोक दादाला फवारेवाला म्हणू लागले. पेंटर हे नाव दोन हंगामांत पुसलं गेलं.

ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. मोटर मंद चालतेय असा निरोप आला म्हणून मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. दिवस मावळायच्या आत पोचलो. दादा नुकताच वावरातून आला होता. कपड्यांवर, हातांवर औषधाचा वास. तो आपल्याच घराच्या हिरव्या दाराबाहेर अंगणात उकिडवा बसला होता. पोरं लांब उभी होती, जवळ यायचं नाही हे त्यांना शिकवलेलं होतं. त्याला तहान लागली होती, आणि औषधाचे हात पेल्याला लावायचे नाहीत.

वहिनी तांब्या घेऊन बाहेर आली. दादानं ओंजळ धरली. उजवा हात नीट वर येत नव्हता, म्हणून तो डाव्या गुडघ्यावर टेकवला. वहिनीनं वरून पाणी ओतलं. अर्धं सांडलं, अर्धं तो प्यायला, आणि मान वर न करता म्हणाला, "अजून."

बाबा ओट्यावर बसले होते. ते उठले आणि आत गेले.

मी पिशवी उघडली, मोटर खोलली. कार्बन झिजला होता, नवा घातला. मोटर छान फिरली. सकाळी त्याला पटेलांच्या वावरात जायचं होतं.